बिऱ्हाड आणि खुराडे

घर बदलताना कोंबड्या सर्वांत शेवटी हलवाव्यात, अंधारात पकडाव्यात, आणि त्या पोचण्याआधी त्यांचे खुराडे नव्या जागी उभे असावे. पाच-पंधरा कोंबड्यांच्या घरगुती थव्याचे स्थलांतर या तीन गोष्टींवर तरते किंवा फसते. प्रत्यक्षात होते ते बरोबर उलटे. खुराडे आदल्या दिवशीच मोडले जाते, टेम्पो भर दुपारी निघतो, आणि पाय बांधलेल्या कोंबड्या शेवटच्या घाईत गोणीत घालून गॅसच्या टाकीशेजारी टाकल्या जातात. पोचेपर्यंत एखादी मान टाकते, उरलेल्या महिनाभर अंडे देत नाहीत, आणि दोष नव्या घराच्या वास्तूला दिला जातो.

चिंचवडगाव, थेरगाव, वाल्हेकरवाडी, चिखली, मोशी या जुन्या गावठाणांत बैठ्या घरांच्या परसात आजही कोंबड्या फिरताना दिसतात. जुनी जागा इमारतीसाठी बिल्डरकडे जाते, भाड्याच्या घराचा अकरा महिन्यांचा करार संपतो, किंवा नोकरी चाकणच्या कारखान्यात लागते आणि कुटुंब महाळुंगे इंगळे, खराबवाडी, आंबेठाण अशा बाजूला सरकते. अंतर फार तर वीस-पंचवीस किलोमीटरचे असते. माणसांना ते एका दिवसाचे काम वाटते. कोंबड्यांचे स्थलांतर मात्र आधी तीन आठवडे सुरू होते आणि नंतर दोन-तीन आठवडे चालू राहते.

याचे कारण कोंबडीच्या स्वभावात आहे. तिला घर म्हणजे रात्री बसायची दांडी. दिवेलागणीला ती जिथे चढून बसते ती तिची जागा, आणि दुसऱ्या दिवशी उजेड कमी होऊ लागला की पाय आपोआप तिकडे वळतात. नवे घर दोनच गल्ल्या पलीकडे असेल तर मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या संध्याकाळी सरळ जुन्या अंगणात जाऊन उभ्या राहतात, मग तिथे पाया खणलेला असला तरी. चिंचवडहून चाकणला नेलेली कोंबडी परत येऊ शकत नाही. ती अंधार पडल्यावर जिथे असेल तिथेच बसून राहते: ट्रकच्या खाली, बाभळीवर, नाहीतर गटाराच्या कडेला. अंधारात तिला फारसे दिसत नाही, त्यामुळे मुंगूस किंवा भटके कुत्रे आले तरी ती जागची हलत नाही.

दुसरी गोष्ट मानाची. नॉर्वेच्या थोर्लाइफ शेल्डेरुप-एब्बे या अभ्यासकाने १९२०च्या दशकात दाखवून दिले की कोंबड्यांच्या थव्यात कोण कोणाला चोच मारणार याचा क्रम पक्का असतो. परसात कोंबड्या पाळणाऱ्या बाईला हे त्याच्या आधीपासून ठाऊक होते. दाणे टाकले की पहिली कोण पुढे येते ते ती रोज पाहत होती. सगळा थवा एकाच रात्री हलवला तर हा क्रम बराचसा टिकतो. अर्ध्या कोंबड्या आज आणि अर्ध्या पुढच्या रविवारी नेल्या, तर नंतर आलेल्या कोंबड्या पहिल्यांना परक्या ठरतात आणि तुरे रक्ताळेपर्यंत भांडणे होतात. जागा बदलण्याच्या दिवसांत नव्या तलंगा विकत आणून थव्यात सोडणेही त्याच कारणाने टाळावे. आणायच्याच असतील तर त्या महिनाभर वेगळ्या ठेवाव्यात. एवढ्या काळात त्यांच्यातला लपलेला रोगही बाहेर येतो.

खरी गाठ पडते ती वेळेशी. मराठी घरात नव्या जागेत राहायला जाण्याचे दिवस साधारण ठरलेले असतात: गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, मुलांच्या शाळेचा विचार करणाऱ्यांसाठी मे महिना. कोंबडीच्या दृष्टीने यातला दसराच काय तो बरा. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि तिला घामाच्या ग्रंथी नसतात. अंगातली उष्णता ती मुख्यतः धापा टाकून बाहेर सोडते. हवा ३२ अंशांच्या पुढे गेली की चोच उघडी राहते, पंख अंगापासून सुटतात, मान वर-खाली होऊ लागते. एप्रिल-मेच्या दुपारी ताडपत्री लावून उभा असलेला टेम्पो आतून भट्टीसारखा तापतो, आणि अशा ठिकाणी दाटीने बसवलेली कोंबडी अर्ध्या तासात मरू शकते.

कायदाही हेच सांगतो. प्राण्यांच्या वाहतुकीच्या १९७८च्या नियमांत २००१ साली कोंबड्यांसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यानुसार तापमान २५ अंशांपेक्षा जास्त किंवा १५ अंशांपेक्षा कमी असताना कोंबड्यांची वाहतूक करू नये. ऊन, पाऊस आणि थेट वारा त्यांना लागू नये, नर आणि माद्या एका खोक्यात भरू नयेत, उन्हाळ्यात दर सहा तासांनी पाणी मिळावे. महामार्गावर मे महिन्याच्या दुपारी ब्रॉयलरने खचाखच भरलेल्या गाड्या पाहिल्या की हा नियम कितपत पाळला जातो ते कळते. घरगुती थव्याच्या मालकाला तो पाळणे मात्र अजिबात अवघड नाही. पुण्याच्या परिसरात उन्हाळ्यातही उत्तररात्री पारा पंचविसाच्या खाली येतो, म्हणून ऐन उन्हाळ्यात जायचे झाल्यास पहाटे चारची वेळ धरावी. थंडीत पहाटे टाळून रात्री आठ-नऊला निघावे. सगळ्यांत सोयीचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

पावसाळा त्यामानाने फसवा. हवा थंड असते, पण नव्या जागेची जमीन ओली असते, खाली पसरलेले तूस दोन दिवसांत भिजते आणि रक्ती हगवण लागायला तेवढे पुरते. त्यातून आषाढ असेल तर आणखी एक धोका. आखाडात अनोळखी वस्तीत नवा थवा उतरला की मुंगसापेक्षा दोन पायांच्या चोराची भीती मोठी. मुहूर्त मोडवत नसेल तर कलश आणि माणसे मुहूर्तावर न्यावीत, कोंबड्या दोन-तीन रात्रींनी न्याव्यात. वास्तुशांतीला त्यांची हजेरी लागत नाही.

जागा पक्की करण्याआधी मालकाशी आणि शेजाऱ्यांशी बोलणे व्हायला हवे. भाड्याचे घर असेल तर कोंबड्या ठेवण्याची मुभा करारातच एका ओळीत लिहून घ्यावी. ‘चालेल हो, आमच्याही गावाला आहेत’ हे तोंडी आश्वासन पहिल्या तक्रारीपर्यंतच टिकते. सोसायटी असेल तर समितीची लेखी संमती घ्यावी. बहुतेक तक्रारी कोंबड्यांच्या नसतात, कोंबड्याच्या असतात. २०१९ साली पुण्याच्या सोमवार पेठेत कोंबड्याच्या आरवण्याने झोपमोड होते अशी तक्रार पोलिसांपर्यंत गेली होती. त्याला अंधाऱ्या खोक्यात ठेवून भागत नाही. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली दाखवले की कोंबड्याचे आरवणे त्याच्या अंगातल्या घड्याळावर चालते. मंद उजेडात कोंडून ठेवले तरी तो पहाटेच्या सुमारास बांग देतोच. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, आणि आरवायचेही राहत नाही. माद्या कोंबड्याशिवायही अंडी देतात, फक्त त्यातून पिल्ले निघत नाहीत. नवी वस्ती दाट असेल तर कोंबडा गावी नातेवाइकांकडे पाठवणे हाच शहाणपणा.

शेजारी व्यावसायिक पोल्ट्री शेड असेल तर प्रश्न वेगळा होतो. खेड आणि मावळ तालुक्यांत अशा शेड आहेत, आणि परसातल्या मोकळ्या कोंबड्यांना शेडमालकाने घेतलेली हरकत ही नुसती कटकट नसते. लस न दिलेल्या चार कोंबड्यांमधून मानमोडी आत शिरली तर त्याचे हजारो पक्षी जातात. अशा ठिकाणी लसीकरणाची नोंद दाखवता आली पाहिजे आणि थवा जाळीच्या आत राहिला पाहिजे. तसे जमत नसेल तर ती जागाच सोडावी.

आरोग्याची तयारी तीन आठवडे आधी सुरू करावी. मानमोडी म्हणजेच राणीखेत. त्याच्या लसीची मात्रा राहिली असेल तर ती आत्ताच द्यावी. लस दिल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन आठवडे लागतात आणि प्रवासाच्या ताणात दिलेली लस नीट लागू पडत नाही. देशी लस बनवणारी सरकारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था औंधलाच आहे. तरी लस थेट दुकानातून आणून टोचण्यापेक्षा पशुवैद्यकाकडून देऊन घ्यावी, कारण वाटेत बर्फ वितळला की बाटलीत नुसते पाणी उरते. जंताचे औषध त्याच सुमारास द्यावे. पंखांखाली आणि गुदाजवळ उवा, पिसवा दिसल्या तर त्यांचा बंदोबस्त जुन्या घरातच करावा, नाहीतर त्याही बिऱ्हाडासोबत येतात.

थव्यात एखादी कोंबडी कारण नसताना मेली, किंवा दोन-तीन एकदम मलूल झाल्या, तर जाणे थांबवावे. मेलेला पक्षी नाल्यात किंवा कचऱ्याच्या गाडीत टाकू नये. हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बांधावा आणि १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर कळवावे. नमुन्यांची तपासणी औंधच्या रोग अन्वेषण विभागात होते. बर्ड फ्लूचा संशय असेल तर अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला सापडला; जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यात तो पुन्हा आला. रोग सापडलेल्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातले पाळीव पक्षी, परसातले धरून, नष्ट केले जातात, आणि बाधित व निगराणी क्षेत्रातून पक्ष्यांच्या ने-आणीवर निर्बंध येतात. जुने किंवा नवे घर अशा क्षेत्रात असेल तर चोरून कोंबड्या हलवणे हा सगळ्या गावाशी केलेला दगाफटका आहे.

खुराडे आधी उभे करायचे याचा अर्थ जुने आधी मोडायचे असा नाही. शक्य असेल तर नव्या जागी नवे बांधावे. नसेल तर कोंबड्या चार दिवस डालग्याखाली किंवा न्हाणीघरात ठेवून जुन्याच्या फळ्या न्याव्यात, पण त्या आधी फळ्या घासून, चुना लावून, दोन दिवस कडक उन्हात टाकाव्यात. या पट्ट्यात खुराड्यासाठी सर्वांत सहज मिळणारा माल म्हणजे कारखान्यांतून भंगारात निघालेली लाकडी पॅलेट. ती घेताना कडेचा शिक्का वाचावा. निर्यातीच्या पॅलेटवर प्रक्रियेची इंग्रजी अक्षरे असतात: ‘एचटी’ म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेले, ते चालते, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, ते कोंबड्यांसाठी घेऊ नये. तेल किंवा रसायन सांडल्याचे डाग असलेलेही नको. पॅलेट सुटे करताना निघालेले खिळे आणि स्टेपलच्या पिना एकूणएक वेचाव्यात. चकाकणारे बारीक काहीही कोंबडी टिपते, आणि पोटात गेलेला खिळा जठर फोडतो. त्याच कारणाने वर्कशॉपच्या मागची मोकळी जागा थव्याला देण्याआधी जमिनीवरून चुंबक फिरवावा; लेथवरून निघालेल्या लोखंडी किसाचे तुकडे मातीत वर्षानुवर्षे राहतात.

मापे साधी आहेत. रात्री बसायला दर कोंबडीला दांडीवर आठ ते दहा इंच, खाली दोन चौरस फूट, आणि दिवसा फिरायला जाळीच्या आत निदान आठ-दहा चौरस फूट. दांडी गोल व गुळगुळीत असावी. जुनीच नेता आली तर फार चांगले; तिचा वास आणि पकड ओळखीची असते. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्यावी. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. जाळी कडेने फूटभर जमिनीत पुरावी. नव्या जागी आधी कोणाच्या कोंबड्या होत्या का ते विचारावे. असतील तर वरची माती खरवडून काढून चुन्याची फक्की टाकावी आणि जागा जितके दिवस मोकळी ठेवता येईल तितके बरे, कारण रक्ती हगवणीचे जंतू आणि जंतांची अंडी ओलसर मातीत महिनोन्‌महिने तग धरतात.

निघण्याच्या दिवशी संध्याकाळी नेहमीपेक्षा थोडे कमी दाणे द्यावेत, पाणी शेवटपर्यंत ठेवावे. अंधार पडून तासभर झाला की पकडायला सुरुवात करावी. मोठा दिवा लावू नये, मोबाइलच्या टॉर्चवर लाल कागद बांधला तरी काम भागते. दोन्ही तळहात पंखांवरून खाली नेऊन, पंख अंगाशी दाबून, कोंबडी दांडीवरून अलगद उचलावी आणि एक हात पायांच्या मध्ये छातीखाली सरकवावा. अशी धरलेली कोंबडी एखादा हुंकार देते आणि गप्प बसते. पाय धरून उलटी लटकवण्याची बाजारातली पद्धत घरात आणू नये. कोंबडीला माणसासारखे श्वासपटल नसते. उलटी धरली की पोटातल्या अवयवांचा भार हवेच्या पिशव्यांवर येऊन तिचा जीव घुसमटतो, मांडीचा सांधाही निखळू शकतो.

न्यायला बांबूचे झाकणाचे डालगे किंवा भाजीचे प्लास्टिक क्रेट उत्तम. क्रेटवर दुसरे क्रेट उलटे घालून सुतळीने बांधावे. तळाशी तूस किंवा गोणपाट अंथरावे, वर्तमानपत्र नको. त्यावर पाय घसरतात. एका क्रेटात तीन-चार मोठ्या कोंबड्या पुरे. थंडीत त्या एकमेकींना ऊब देतात, उन्हाळ्यात मात्र एक कमीच ठेवावी. एकत्र बसणाऱ्या कोंबड्या एकाच क्रेटात घालाव्यात. दांडीवरची रोजची रांग पाहिलेली असेल तर ही निवड करायला वेळ लागत नाही. कोंबडा वेगळा, आणि त्याचे क्रेट असे की त्याला मान ताणून उभे राहता येणार नाही. उभा राहिला नाही की तो सहसा आरवत नाही, आणि मध्यरात्री नव्या सोसायटीच्या दारात ते उपयोगी पडते.

घरच्या मोटारीची मागची सीट किंवा छोटा हत्ती, दोन्ही चालते. डिकी चालत नाही. छोटा हत्ती असेल तर क्रेट केबिनच्या पाठीला टेकवून एका थरात ठेवावेत, वर ताडपत्री आणि दोन्ही बाजूंना हवा. सामान आणि कोंबड्या एका फेरीत नेऊ नयेत, कपाट घसरले की क्रेटचा चेंदा होतो. चिंचवडहून चाकणला जाण्याचे नेहमीचे रस्ते दोन: स्पाइन रोडने मोशी आणि पुढे नाशिक महामार्ग, किंवा निगडी-तळवडे-महाळुंगे. दोन्हींची अडचण सारखीच, कारखान्यांच्या पाळ्या सुटण्याची वेळ. चाकणच्या तळेगाव चौकात किंवा तळवड्यात गाडी तासभर अडकली तर वारा थांबतो, आणि कोंबड्यांना चालत्या गाडीपेक्षा थांबलेली गाडी जास्त बाधते. पाळी सुटण्याचा तास चुकवून निघावे. बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्या रात्री रस्ता त्यामानाने मोकळा मिळतो.

पोचल्यावर कोंबड्यांना अंगण दाखवू नये. अंधारातच एकेक उचलून नव्या खुराड्यातल्या दांडीवर बसवावी, पाणी भरून ठेवावे, दार लावावे. पहाटे जाग येते तेव्हा त्यांच्या लेखी त्या तिथेच झोपलेल्या असतात. पुढचे पाच ते सात दिवस दार फक्त जाळीच्या आवारात उघडावे, बाहेर नाही. आठव्या दिवशी संध्याकाळी, सूर्य मावळायला तासभर असताना पहिल्यांदा मोकळे सोडावे. पोटात फार नसले आणि डब्यातल्या दाण्यांचा ओळखीचा आवाज आला की त्या लांब जात नाहीत, आणि अंधार पडू लागला की आपसूक आत शिरतात. दोन दिवस अशी तासाभराची मोकळीक देऊन मग वेळ वाढवावा.

पाण्याचा मुद्दा छोटा वाटतो, पण पहिल्या आठवड्यात कोंबड्या आजारी पडतात त्या बहुधा पाणी कमी प्याल्यामुळे. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९पासून नळाला एक दिवसाआड पाणी येते, आणि चाकणच्या बाजूला अनेक ठिकाणी बोअरवेलचे जड पाणी वापरावे लागते. चव बदलली की कोंबडी भांड्याकडे पाठ फिरवते. जुन्या घरचे वीस लिटरचे एक कॅन भरून न्यावे आणि तीन-चार दिवस नव्या पाण्यात मिसळून द्यावे. पहिल्या दिवशी लिटरभर पाण्यात चमचाभर गूळ आणि चिमूटभर मीठ घालावे. खाद्यही लगेच बदलू नये. मोठ्या कोंबडीला दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास खाद्य लागते, त्या हिशोबाने दोन आठवड्यांची कणी, बाजरी किंवा पोत्यातले खाद्य सोबत असावे.

खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी असतील तर तिला शक्यतो हलवू नये. अंडे उबायला एकवीस दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्या तीन दिवसांत धक्के बसले की पिल्लू आतच मरते. जायची तारीख आधी ठरलेली असेल तर तिला अंडी द्यायचीच नाहीत, हे सोपे. पिल्ले निघालेली असतील तर आई आणि पिल्ले एका टोपलीत, वेगळी. आईशिवायच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी; बल्बवर ठेवायची असतील तर गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे लक्षात घेऊन गरम पाण्याच्या बाटल्या हाताशी ठेवाव्यात.

जागा बदलल्यावर अंडी थांबणे हे ठरलेलेच. काही कोंबड्या पिसेही गाळतात, आणि नवी पिसे येईपर्यंत अंड्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. अंडी घालण्याच्या खोक्यात एखादे लाकडी किंवा मातीचे खोटे अंडे ठेवावे, म्हणजे तलंगा नवी जागा लवकर धरतात. खाणे-पिणे नीट असलेला थवा साधारण दोन-तीन आठवड्यांत पूर्वीसारखी अंडी देऊ लागतो. त्यानंतरही खोके रिकामे राहिले, तुरा फिका पडला किंवा विष्ठा हिरवट-पातळ दिसली, तर वाट न पाहता पशुवैद्यकाला दाखवावे.